परळीच्या पेठेंतील स्पॅनिश

बालाघाटाच्या डोंगराळ मुलुखांत वसलेलें परळी वैजनाथ हें क्षेत्र महाराष्ट्रांतील पांच ज्योतिर्लिंगांपैकीं एक म्हणून सर्वश्रुत आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेस येथें जो समुदाय लोटतो त्यांत मराठी यात्रेकरूंच्या बरोबरीनें तेलंगणांतून व कर्नाटकांतून आलेले भाविकही असतात. पेठेंत दक्षिणी उर्दू तर नित्याचीच. देवळाच्या पायऱ्यांपाशीं फुलें, बेल आणि प्रसाद विकावयास बसणाऱ्या माणसाला या चारही भाषांतले आंकडे व गिऱ्हाइकाशीं बोलावयापुरतीं दहा-वीस वाक्यें सहज अवगत होतात; आणि मराठी सोडली तर त्यांतील बाकीच्या भाषा त्याला बहुधा कोणत्याही शाळेनें शिकविलेल्या नसतात. भाषा शिकविण्याच्या कामीं पेठेला जें इतक्या सहजपणें साधतें तें शाळेला कां साधूं नये, हा प्रश्न म्हणूनच परळीसारख्या गांवीं विचारणें उचित होय.

हा प्रश्न नव्यानें विचारण्याला निमित्तही घडलें आहे. भारत सरकारच्या २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत माध्यमिक शाळांतून शिकविण्याजोग्या परकी भाषांचीं जीं नांवें दिलीं आहेत त्यांत जपानी, कोरियन, फ्रेंच व जर्मन यांच्याबरोबर स्पॅनिशचेंही नांव आहे. ही भाषा २० देशांच्या राज्यकारभाराची असून सुमारें ५० कोटी लोकांची ती मातृभाषा आहे. पुण्या-मुंबईच्या मुलाला ती शिकण्याच्या सोयी पैसे मोजून मिळतील. परंतु ऊंसतोडीला गेलेल्या आईबापांच्या माघारीं आजीजवळ राहून शाळेंत जाणाऱ्या बीड जिल्ह्यांतील मुलाला ती गोडीनें कशी शिकवितां येईल? आणि गोडीनें शिकवितां आली नाहीं तर शिकवावी काय? या प्रश्नाचें उत्तर शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांत जितकें आहे तितकेंच, किंबहुना त्याहून अधिक, या मुलुखाच्या इतिहासांत आहे.

१९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानांत मोडत होता. संस्थानची दरबारी भाषा प्रथम फारसी होती. १८८४ सालीं तिची जागा उर्दूनें घेतली. प्रजेपैकीं जवळजवळ निम्मे लोक तेलुगु बोलणारे, सुमारें चौथा हिस्सा मराठी बोलणारे, आणि कानडी बोलणारेही पुष्कळ. तथापि वरच्या इयत्तांतील शिक्षणाचें वाहन उर्दू हेंच राहिलें. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठानें उच्च शिक्षण इंग्रजीऐवजीं उर्दूंतून देण्याचा उपक्रम केला आणि त्यासाठीं पाश्चात्त्य शास्त्रांचे ग्रंथ भाषांतरित करणारें स्वतंत्र खातें चालविलें. देशी भाषेंत विज्ञान सांगतां येतें हें सिद्ध करणारा तो प्रयोग मोठाच होता. परंतु परळी-मोमिनाबादकडील मराठी मुलाच्या दृष्टीनें एका परक्या भाषेच्या जागीं दुसरी परकी भाषा आली, एवढाच त्याचा अर्थ झाला.

या व्यवस्थेचा परिणाम काय होत असे हें समजावयाला फार खोल जावें लागत नाहीं. भूमितीचा सिद्धान्त मुलाच्या बुद्धीला अवघड नसे. तो ज्या शब्दांत सांगितला जाई ते शब्द त्याच्या कानाला अनोळखी असत. अशा वेळीं मूल प्रश्न विचारीत नाहीं, तें गप्प बसतें. आणि मास्तर त्या गप्प बसण्याला मंदबुद्धि असें नांव देतात. ज्यांच्या घरांत वकिली, देशमुखी किंवा कारकुनी होती त्यांच्या कानांवर उर्दू लहानपणापासून पडे व त्यांचीं मुलें पुढें सरकत. शेतकऱ्याचें व कारागिराचें मूल मागें राही. दोष उर्दूचा नव्हता. ती भाषा रसाळ आहे, आणि मराठवाड्याच्या बोलीला तिनें पुष्कळ दिलें आहे. दोष होता तो मुलाच्या तोंडची भाषा काढून घेऊन तिच्या जागीं दुसरी बसविण्याचा. मोमिनाबाद म्हणजे आजचें अंबाजोगाई. तेथील योगेश्वरी विद्यालयासारख्या खासगी शाळांना त्या काळांत जें महत्त्व आलें तें यामुळेंच. स्वामी रामानंद तीर्थ हे १९३५ सालापासून कांहीं वर्षें याच विद्यालयांत होते व पुढें तेच हैदराबादच्या मुक्तिलढ्याचे नेते झाले. लोकांचें ज्ञान लोकांच्या बोलींत असावें हा आग्रह या भूमीला नवा नव्हता. शके १११० म्हणजे इ. स. ११८८ मध्यें मुकुंदराजांनीं ‘विवेकसिंधु’ मराठींत रचला, आणि त्यांची समाधि अंबाजोगाईलाच आहे.

एवढें झाल्यावर एक विलक्षण गोष्ट ध्यानांत येते. जी फारसी व उर्दू शाळेच्या बाकावर मुलाला जड वाटे, तिचेच शब्द त्याच्या घरांत, शेतांत आणि पेठेंत त्याच्या जिभेवर आनंदानें नांदत होते. दुकान, बाजार, जमीन, हिशेब, वकील, शिफारस, फलाणा हे शब्द मराठींत कोणी छडी मारून आणले नाहींत. ते वस्तूबरोबर आले, व्यवहाराबरोबर आले, माणसांबरोबर आले. शब्दाला चेहरा असला कीं तो लक्षांत राहतो. नुसता अर्थ असला कीं तो विसरतो. स्पॅनिश शिकविणाऱ्या शिक्षकाला परळीच्या इतिहासानें दिलेला हा पहिला धडा होय.

दुसरा धडा याहून अधिक नवलाचा आहे. अरबी भाषा दोन दिशांना प्रवासाला निघाली. ७११ सालीं अरब व बर्बर सैन्यानें स्पेनमध्यें पाऊल ठेवलें, आणि १४९२ सालीं ग्रानादाचें शेवटचें मुसलमानी राज्य लयाला जाईपर्यंत त्या देशाच्या कांहीं ना कांहीं भागांत अरबीचा अंमल राहिला. त्या सुमारें आठ शतकांत अरबी शब्द स्पॅनिश भाषेंत मोठ्या संख्येनें मुरले. पूर्वेकडे तेच शब्द फारसीच्या पाठीवर बसून हिंदुस्थानांत आले. १२९६ सालीं अल्लाउद्दीन खिलजीनें देवगिरीवर स्वारी केली, १३४७ सालीं बहामनी राज्य उभें राहिलें, आणि दख्खनच्या दप्तरांत फारसी स्थिरावली. एकाच घरांतील दोन बहिणी दोन दूरच्या गांवीं दिल्या जाव्यात आणि त्यांच्या नातवंडांनीं एकमेकांना पाहतांच नाकाडोळ्यांवरून ओळखावें, तसा प्रकार मग घडतो. मराठींतला ‘फलाणा’ स्पॅनिशमध्यें ‘फुलानो’ होऊन भेटतो, आणि अर्थही तोच: नांव न घेतां उल्लेखावयाचा माणूस. न्याय देणारा काझी तिकडे अरबी उपपदासह ‘आल्काल्दे’ झाला व नगराचा प्रमुख म्हणून बसला. दिवाण म्हणजे सरकारी दप्तर. त्यापासून स्पॅनिशांत ‘आदुआना’ म्हणजे जकातघर झालें. अंगांतला खमीस तिकडे ‘कामीसा’ आहे. हा शब्द मात्र लॅटिनमधून अरबींत आणि अरबींतून इकडे, असा उलट्या वाटेनें आला.

कांहीं शब्दांचें माहेर तर याच देशांत आहे. संस्कृत शर्करा फारसी-अरबींतून फिरत फिरत स्पेनला पोहोंचली आणि ‘आसुकार’ झाली; मराठींत तीच साखर. नारंग निघालें तें तिकडे ‘नारान्खा’ झालें. चतुरंग हा आपला पुरातन खेळ इराणांत व अरबस्तानांत शतरंज झाला आणि स्पेनमध्यें ‘आखेद्रेस’. बुद्धिबळाच्या पटावर बसलेल्या मुलाला एवढें सांगितलें कीं, हा खेळ त्या देशाला आपल्याकडून गेला व जातांना आपलें नांवही घेऊन गेला, म्हणजे ती भाषा त्याला परकी वाटण्याचें कारण उरत नाहीं.

यांतून शिकविण्याची एक युक्ति आपोआप निघते. वर्गांतील मुलांच्या टोळ्या कराव्या व त्यांना शब्दांच्या शोधाला पाठवावें. एका टोळीनें किराण्याच्या दुकानीं जावें, दुसरीनें भाजीच्या ओळींत, तिसरीनें आजीजवळ बसून जुने शब्द टिपावे. शिक्षकानें पन्नास स्पॅनिश शब्दांची यादी द्यावी आणि प्रत्येकाचा मराठी भाऊबंद कोण तें मुलांनीं हुडकून आणावें. या खेळांत ज्या मुलाच्या घरीं पुस्तकें नाहींत तें मागें पडत नाहीं. उलट ज्याचा पेठेशीं व शेताशीं संबंध अधिक तेंच पुढें जातें. निजामी काळांतील शाळेनें ज्याला गप्प बसविलें त्याच्याच नातवंडाला ही शाळा बोलतें करील.

भाजीच्या ओळींत गेलेल्या टोळीला तर पोत्यानें शब्द सांपडतील. सोळाव्या शतकांत पोर्तुगीज लोक गोव्याला आले आणि त्यांच्या गलबतांतून अमेरिका खंडांतील झाडें व फळें या देशांत आलीं. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. बटाटा हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. स्पॅनिशमध्यें ‘बाताता’ म्हणजे रताळें आणि ‘पाताता’ म्हणजे बटाटा. पपई तिकडे ‘पापाया’, टोमॅटो ‘तोमाते’, तंबाखू ‘ताबाको’, पाव ‘पान’. महिनाअखेर ज्याची वाट पाहिली जाते तो पगार तर अक्षरशः तोच आहे. स्पॅनिशांत ‘पागार’ म्हणजे पैसे देणें. बालाघाटाच्या उतारांवर पिकणारें व २०१६ सालीं ‘बीडचें सीताफळ’ म्हणून भौगोलिक मानांकन मिळालेलें फळही मूळचें अमेरिकेकडीलच. ज्या फळावर या जिल्ह्याचें नांव कोरलें गेलें त्याचे आप्त मेक्सिकोकडे आहेत, ही गोष्ट भूगोलाच्या तासाला रुक्षपणें सांगण्यापेक्षां भाषेच्या तासाला फळ हातांत देऊन सांगितली तर अधिक रुजेल.

मराठी माणसाचा व स्पॅनिशचा खरा जिव्हाळ्याचा संबंध शेतांतूनच जडला, हेंही येथें सांगितलें पाहिजे. वर्ध्याकडील क्रांतिकारक पांडुरंग सदाशिव खानखोजे हे गदर चळवळींत होते. देशोदेशीं वणवण केल्यावर १९२४ सालीं ते मेक्सिकोला पोहोंचले. तेथें चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयांत ते अध्यापक झाले, मक्याच्या वाणांवर त्यांनीं संशोधन केलें, आणि गरीब शेतकऱ्यांसाठीं व त्यांच्या मुलांसाठीं मोफत कृषिशाळा काढल्या. विख्यात चित्रकार दिएगो रिव्हेरा हा त्यांचा मित्र. त्यानें आपल्या एका भित्तिचित्रांत खानखोज्यांची आकृति रेखाटली आहे. मराठी बोलणाऱ्या घरांत वाढलेला हा माणूस परक्या देशांतील कुणब्यांना त्यांच्याच भाषेंत शेती शिकवीत होता. त्याची ती भाषा मका, माती आणि माणसें यांच्या सहवासांत पक्की झाली. २०२२ सालीं चापिंगो येथें त्यांच्या पुतळ्याचें अनावरण झालें. वर्ध्याच्या मुलाला जी भाषा आपली करतां आली ती परळीच्या मुलाला दुर्लभ कां मानावी?

व्याकरणाच्या बाबतींतही मराठी मूल रिकाम्या हातानें येत नाहीं. इंग्रजीमध्यें आवड सांगतांना बोलणारा स्वतः कर्ता होतो. मराठींत तसें नाहीं. ‘मला आंबा आवडतो’ या वाक्यांत कर्तेपण आंब्याकडे जातें, आणि आंबे अनेक झाले कीं क्रियापद ‘आवडतात’ असें बदलतें. स्पॅनिशमध्यें हुबेहूब हाच संसार आहे: ‘मे गुस्ता एल मांगो’, आणि अनेक आंबे झाले कीं ‘मे गुस्तान लोस मांगोस’. इंग्रज मुलाला ही रचना महिनोन् महिने डाचते. मराठी मुलाला ती एका वाक्यांत समजावी. वडील माणसाला ‘तूं’ म्हणूं नये हें त्याला घरींच शिकविलेलें असतें. स्पॅनिशांतही जवळच्याला ‘तू’ व आदरार्थीं ‘उस्तेद’. दोन-दोस, तीन-त्रेस, सात-सिएते, नऊ-नुएवे या जोड्या एकाच प्राचीन भाषाकुळाची साक्ष देतात. मराठीचे दन्त्य त व द स्पॅनिशमध्यें जवळजवळ तसेच चालतात. स्वर पांचच, आणि लिहिलेलें बहुतेक तसेंच उच्चारावयाचें. उर्दूंतील घशांतून निघणारा ख ज्याच्या कानांवर परळीच्या गल्लींत पडलेला आहे त्याला स्पॅनिशमधील तसलाच वर्ण अवघड जाणार नाहीं. म्हणून व्याकरण इंग्रजीच्या खिडकींतून दाखविण्याचा द्राविडी प्राणायाम न करितां तें सरळ मराठीच्या दारांतून आणावें, हेंच श्रेयस्कर.

आतां शिकविण्याच्या रीतींकडे वळलें असतां तेथेंही आपलें जुनें भांडार रितें नाहीं. अमीर खुसरोच्या नांवावर मोडणारी ‘खालिकबारी’ ही फारसी व हिंदवी शब्दांची पद्यमाला मकतबांतील मुलें ताला-सुरांत पाठ करीत. कोश हातांत न धरितां त्यांचा शब्दसंग्रह वाढे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेनें रघुनाथ पंडितांनीं ‘राज्यव्यवहारकोश’ रचला, तोही श्लोकबद्ध व विषयवार दहा वर्गांत मांडलेला. फारसी शब्दाला संस्कृत प्रतिशब्द देण्याचें राजकार्यही छंदाच्या आधारानेंच झालें. १५७९ सालीं गोव्यास आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनीं मराठी इतकी आत्मसात् केली कीं, १६१६ सालीं छापून निघालेलें त्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ ओवीमध्यें आहे. परक्या भाषेंत शिरण्याचा मार्ग त्या भाषेच्या गाण्यांतून जातो, हें त्यांनीं ओळखलें होतें. युरोपांत कोमेनियस या शिक्षकानें १६५८ सालीं चित्रांवरून लॅटिन शिकविणारें मुलांचें पुस्तक प्रसिद्ध केलें. छंद आणि चित्र हीं दोन साधनें अशीं फार जुनीं आहेत. त्यांस खर्चही फार लागत नाहीं.

विसाव्या शतकांत यांत दोन साधनांची भर पडली. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ जेम्स आशर यांनीं १९६० नंतरच्या दशकांत असें दाखविलें कीं, मुलांनीं आधीं बोलूं नये. शिक्षकाची आज्ञा ऐकून नुसती हालचाल करावी, म्हणजे शब्द शरीरांतून मनांत उतरतो. ‘लेवांतेन्से’ म्हणतांच उठावें, ‘सिएन्तेन्से’ म्हणतांच बसावें, ‘साल्तेन’ म्हणतांच उडी मारावी. ज्या शाळांतून लेझीम व कवायत रोज चालते त्यांना हें नवें वाटावयाचें नाहीं. लेझमीच्या हुकुमांची भाषा तेवढी बदलावयाची. पुढें १९९० च्या सुमारास कॅलिफोर्नियांतील स्पॅनिशचे एक शिक्षक ब्लेन रे यांनीं या रीतीला गोष्टीची जोड दिली. शिक्षक गोष्ट सांगूं लागतो, वाटेंत थांबून मुलांना विचारतो, मुलें उत्तर देतात आणि गोष्ट त्यांच्या उत्तरांनीं वळण घेते. कीर्तनांत बुवा चरण अर्धा सोडतात व श्रोते तो पुरा करितात. भारुडांत प्रश्न येतो आणि उत्तर समोरून उठतें. परळीच्या मुलाला हा प्रकार जन्मापासून ठाऊक आहे. भेंड्या, उखाणे, नकला व बाजाराचें सोंग यांतील कोणताही खेळ स्पॅनिशमध्यें खेळतां येण्याजोगा आहे.

हें सगळें मनोराज्य होय असा आक्षेप कोणी घेईल तर त्याला मराठवाड्यांतच उत्तर मिळेल. छत्रपति संभाजीनगर, म्हणजे त्या वेळच्या औरंगाबाद शहरापासून सुमारें २५ किलोमीटरांवर गाडिवाट नांवाचें खेडें आहे. २०१९ सालीं तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेनें चौथी ते आठवीच्या मुलांना विचारलें कीं, तुम्हांला कोणती परकी भाषा शिकावयाची आहे? यंत्रमानव व तंत्रविद्या यांच्या ओढीनें पुष्कळ मुलांनीं जपानी असें उत्तर दिलें. शाळेजवळ ना क्रमिक पुस्तक होतें ना शिकविणारा. शिक्षकांनीं आंतरजालावरील चित्रफिती व भाषांतराचीं साधनें यांवर आरंभ केला. पुढें शहरांतील एका जाणकारानें विनामूल्य शिकविण्याचें मान्य केलें. २०२० सालीं साथीमुळें शाळा बंद झाल्या तेव्हांही दूरस्थ वर्ग चालू राहिले, आणि ज्यांच्याजवळ फोन नव्हता त्यांना शिकलेल्या मुलांनीं ‘विषयमित्र’ होऊन शिकविलें. गांवाला धड रस्ता नसतांना मुलें आपसांत जपानी बोलूं लागलीं.

या उदाहरणांत ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट चित्रफीत नव्हे. मुलांना विचारलें गेलें, ही ती गोष्ट आहे. भाषा त्यांच्यावर आली नाहीं. त्यांनीं ती बोलावून घेतली. परळीच्या आजोबांची शाळा आणि गाडिवाटच्या नातवंडांची शाळा यांतील अंतर एवढ्या एका प्रश्नांत मोजतां येतें.

तथापि खेळ म्हणजे शिक्षण असा भ्रम धरूं नये. शब्द हुडकून झाले, गाणें गाऊन झालें, उड्या मारून झाल्या, कीं क्रियापदांचीं रूपें बसून पाठ करावींच लागतात, आणि रोज थोडें लिहावेंही लागतें. सारख्या दिसणाऱ्या शब्दांची फसगतही सांगून ठेवावी लागते. बटाटा मागावा आणि रताळें हातीं यावें असें व्हावयाचें. खेळाचें काम दार उघडण्याचें. घरांत राहावयाचें तर केरवारे करावेच लागतात. शिवाय परकी भाषा शिकविण्याच्या हौसेंत शाळेचें वाहन बदललें तर पुन्हां तोच जुना प्रमाद होईल. स्पॅनिश ही शिकावयाची भाषा असावी. ज्या भाषेंतून मूल विचार करितें ती मराठीच राहावी. निरनिराळ्या प्रांतांतील लोकांनीं परस्परांच्या भाषा प्रेमानें शिकाव्या हें साने गुरुजींच्या ‘आंतरभारती’चें स्वप्न होतें, आणि त्या स्वप्नाचा पाया स्वभाषेवरील प्रेम हाच होता. तें प्रेम भक्कम असेल तर परक्या भाषेचें भय वाटत नाहीं.

परळीच्या पेठेंत साखर, पपई, टोमॅटो आणि तंबाखू रोज विकले जातात. फलाण्याचा निरोप फलाण्याला दिला जातो. महिनाअखेर पगार होतो. अर्धें जग फिरून आलेले हे शब्द तेथें कोणालाही परके वाटत नाहींत. त्यांच्या दूरच्या आप्तांची ओळख करून देणें, एवढेंच काम शाळेकडे उरतें.